बाराव्या बरगडीचे खटावकर

खटावकर डॉक्टरांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते पाठीमागून. दिल्लीत, आर. के. पुरमच्या आमच्या सेक्टरातल्या गणपतीत मी प्रसादाच्या रांगेत उभा होतो. कोणीतरी माझ्या पाठीवर, उजव्या अंगाला, तीन बोटं टेकवली, हलकेच दाबली आणि कानाशी आवाज आला, “नऊ मिलिमीटर.”

मी दचकून वळलो. पन्नाशीचे, किडकिडीत, जाड चष्म्याचे एक गृहस्थ उभे होते. बुशशर्टच्या खिशात चार पेनं आणि एक स्टीलची पट्टी.

“चरबी,” ते म्हणाले. “बाराव्या बरगडीवर. वयाच्या मानाने जरा जास्त आहे, पण माल चांगला आहे.”

“कसला माल?”

“अहो, पाठीचा स्नायू! भरदार आहे तुमचा. वरून अजिबात वाटत नाही.” मग त्यांनी हात पुढे केला. “मी डॉक्टर खटावकर. मेंढ्यांचा.”

माझी बायको माया शेजारीच होती. तिला इतकं हसू लोटलं की हातातल्या द्रोणातलं पंचामृत पुढच्या बाईंच्या पदरावर गेलं. पण त्या दिवसापासून खटावकर घरी आले की माया त्यांच्याशी भिंतीला पाठ टेकूनच बोलायची. स्वयंपाकघरात जायचं झालं तर उलटी चालत जायची.

खटावकर एका सरकारी पशुसंशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होते. केंद्राचा फार्म फरीदाबादच्या पुढे, जिथे कारखाने संपतात आणि मोहरीची शेतं सुरू होतात तिथे. रोज सकाळी सातला ते स्कूटरला किक मारायचे आणि दोन राज्यांची हद्द ओलांडून मेंढ्यांना भेटायला जायचे. काम एकच. जिवंत मेंढीच्या अंगात मांस किती, चरबी किती, हाड किती, हे तिला न कापता सांगायचं. त्यासाठी त्यांच्याकडे एक सोनोग्राफीचं यंत्र होतं. कुठल्याशा मोठ्या हॉस्पिटलाने नवं घेतलं तेव्हा काढून टाकलेलं. आकाराने पिठाच्या गिरणीएवढं आणि आवाजही साधारण तसाच.

“अहो, पण खाटकाकडे गेल्यावर कळतंच की,” मी एकदा म्हणालो.

“कापल्यावर कोणालाही कळतं, सावंत! पण उत्तम नर आहे हे कापल्यावर कळलं, तर त्याची पिल्लं कुठून आणणार? बोला!” ते खुर्चीतून उठलेच. “म्हणून जिवंतपणी बघायचं. लोकर बघू नका. आत बघा, आत!”

“आत बघा” हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्याकडचं कलिंगड असो, समोरच्या ब्लॉकमध्ये आलेलं नवं कुटुंब असो, नाही तर मी मंत्रालयात लिहिलेली टिपणी असो, खटावकर चष्मा कपाळावर चढवून म्हणणार, “वरून ठीक आहे हो. आत काय आहे?” मी सेक्शन ऑफिसर. माझ्या टिपणीच्या आत काय असतं हे मला कोणी विचारलेलं नव्हतं, आणि विचारू नये अशीच माझी इच्छा होती.

त्यांच्याकडे एक अल्बम होता. लग्नाचा असतो तसा, जाड पुठ्ठ्याचा, वर सोनेरी गुलाब. पाहुणा चहाला टेकला की अल्बम बाहेर यायचा. आत यंत्रातून निघालेले करड्या रंगाचे चकचकीत कागद, ओळीने चिकटवलेले.

“ही दोनशे सत्त्याऐंशी. काय पाठ आहे बघा! अहाहा!”

माया डोळे बारीक करून बघायची. “डॉक्टर, मला तर टीव्हीचा अँटेना हललाय असं दिसतंय.”

“वहिनी, ही पांढरी रेघ दिसते? ती कातडी. ही दुसरी रेघ, त्या दोघींच्या मधे चरबी. आणि हा खालचा काळा बदाम, हा स्नायू. बिल्कुल बदाम! असा बदाम हजारात एखादीला.” आणि ते कागदावरून बोट असं फिरवायचे की माया मुकाट्याने आणखी पोहे वाढायची.

हे सगळं ऐकून कोणाला वाटेल की मोठा भूतदयावादी माणूस. तसं काही नाही. रविवारी आमच्याकडे मटण झालं तर खटावकर दोन वाट्या रस्सा ओरपायचे आणि नळी फोडून तिच्या आत बघायचे. “सावंत, भावनेचा इथे काही संबंध नाही,” ते सांगायचे. “मेंढी हा आकडा आहे. एक रकाना अंदाजाचा, एक रकाना प्रत्यक्षाचा. दोन्ही जुळले की झालं.” त्यांची एक निळ्या कापडी बांधणीची वही होती, तिच्यात हेच दोन रकाने. यंत्राने सांगितलेला आकडा ‘अंदाज’ खाली. मग मेंढी कापायची, मांस, चरबी, हाड वेगवेगळं काढून वजन करायचं आणि तो आकडा ‘प्रत्यक्ष’ खाली. यंत्र खरं बोलतं हे सिद्ध करायला दुसरा मार्ग नव्हता. अशा तीनशेच्या वर ओळी त्यांनी चार वर्षांत भरल्या होत्या.

मग मी एकदा त्यांचा फार्म बघितला.

त्यांना रविवारीही फार्मवर जायची सवय होती. “यंत्र तापवून ठेवावं लागतं, नाही तर थंडीत रुसतं,” असं सांगायचे. घरी तरी कोण होतं म्हणा. लग्नाचं राहून गेलं होतं, आई गेल्यावर साताऱ्याकडे फारसं जाणंही नव्हतं. एका रविवारी मी त्यांच्या मागे स्कूटरवर बसून गेलो. यंत्राच्या खोलीला कुलूप. चौकीदाराला विचारलं तर म्हणाला, “संडे को तो बंद ही रहता है, साबजी. डॉक्टरसाब उधर बैठते हैं.”

उधर म्हणजे शेवटच्या वाड्यात. तिथे पांढऱ्या, लांब कानांच्या उत्तरेकडच्या मेंढ्यांमध्ये एकच काळा, ठेंगणा, नाकावर बाक असलेला मेंढा उभा होता. कानातल्या बिल्ल्यावर ३१२. खटावकर उलट्या बादलीवर बसले होते आणि त्याच्याशी गप्पा मारत होते.

“हा आपल्याकडचा,” त्यांनी ओळख करून दिली. “दख्खनी. माणदेशातून सहा आणले होते, संकरासाठी. इथली थंडी पाच जणांना मानवली नाही. हा राहिला.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “अख्ख्या फार्मवर याला एकट्यालाच मराठी कळतं.”

मी हसलो. ते हसले नाहीत. चौकीदाराला म्हणाले, “इसको पीछे लो जरा.” चौकीदार “हट, हट, पीछे हो!” करत राहिला. मेंढा ढिम्म. मग खटावकर नुसते म्हणाले, “मागं सर की रं, पावनं आल्यात.” आणि तो चक्क चार पावलं मागे सरला. आर. के. पुरमात जन्मभर ‘अच्छा’ आणि ‘बिल्कुल’ करणाऱ्या या माणसाच्या तोंडून अशी खटावची भाषा मी पहिल्यांदाच ऐकली. आमची मुलगी ‘कोनाडा’ म्हणजे काय विचारते, आणि इथे एक मेंढा मराठी टिकवून बसला होता.

वहीत त्या मेंढ्याची ओळ होती. अंदाजाचा रकाना भरलेला, नव्हे, दर रविवारी पाठीवर तीन बोटं टेकवून, खोडून नव्याने भरलेला. दुसरा अर्थातच रिकामा.

आता मुख्य गोष्ट. त्यांच्या केंद्राला नवे डायरेक्टर आले. हे पंजाबी गृहस्थ हिशेबी, तडकाफडकी आणि यंत्रांवर संशय घेणारे. त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये सुनावलं, “खटावकर, ये जो आप मशीन से चार साल में बताते हैं, वो तो हमारा हाजी हाथ लगाके बता देता है.”

हाजीजींचं फरीदाबादच्या बाजारात मटणाचं दुकान होतं. सत्तरीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे, तोंडात बडीशेप. केंद्रातली जनावरं कापायला आणि हाड-मांस सोडवायला त्यांनाच बोलावत. मेंढीच्या कंबरेवर हात ठेवून ते सांगायचे, “सोला किलो निकलेगा, हड्डी छोड़के.” आणि तेवढंच निघायचं.

खटावकरांना हे लागलं. जिव्हारी लागलं. “ठीक है सर,” ते म्हणाले, “हो जाए मुकाबला!”

ठरलं. नऊ मेंढ्या. हाजीजींचा हात आणि खटावकरांचं यंत्र. ज्याचा आकडा प्रत्यक्षाच्या जवळ, ती मेंढी त्याची. यंत्र जिंकलं तर मोठ्या समितीपुढे खटावकरांचं काम जाणार, नवं रंगीत पडद्याचं यंत्र येणार, देशभरच्या फार्मांवर नर निवडायला ही पद्धत लागणार. हरलं तर जुनं यंत्र स्टोअरमध्ये आणि खटावकर टेबलावर, फायली तपासायला.

“पारदर्शक पाहिजे सगळं,” खटावकर आम्हाला सांगत होते. ते बसतच नव्हते, आमच्या बैठकीच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. “मी मेंढ्या निवडल्या तर लोक म्हणतील, डॉक्टरने सोप्या घेतल्या. मीच म्हटलं, रजिस्टरातल्या सगळ्या नंबरांच्या चिठ्ठ्या टाका! क्लार्कने काढायच्या! वहिनी, मला चहा नको, मला झोपच येत नाहीये!”

पानिपत आमच्यापासून दोन तासांवर. तिथल्या घोंगड्या आम्ही थंडीत अंगावर घेतो. पण त्या आठवड्यात आमच्या घरात त्या गावाचं नाव काढायला मायाने बंदी केली होती.

मी कॅज्युअल लीव्ह टाकली. जानेवारीतली सकाळ, धुकं असं की स्कूटरचं पुढचं चाकही नीट दिसेना. फार्मवर पोचलो तेव्हा सगळं केंद्र जमलेलं. यंत्र पानिपती घोंगडीत गुंडाळून बाहेर आणलं होतं. आणि तेवढ्यात कळलं की सोनोग्राफीची जेली संपली आहे. तिचं इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, तीन आठवड्यांपासून स्टोअरच्या टेबलावर सहीसाठी पडून.

जेलीशिवाय यंत्राला कातडीच्या आतलं काही दिसत नाही. मधे हवा राहिली की पडदा आंधळा. पण खटावकर डगमगले नाहीत. “तेल चालतं!” म्हणून त्यांनी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली. आम्ही मराठी माणसं दिल्लीत किती का वर्षं राहेनात, तेल म्हटलं की हात खोबरेलाकडेच जातो. आणि दिल्लीच्या जानेवारीत खोबरेलाचं काय होतं हे आम्ही दरवर्षी विसरतो. बाटली उलटी केली, थेंब पडेना. आत पांढरा शुभ्र दगड.

हाजीजी पोट धरून हसले. “अरे डॉक्टरसाब, सरसों का ले आते!”

खटावकरांनी बाटली काखेत घातली. डाव्या काखेत बाटली, उजव्या हातात यंत्राची मूठ, अशा अवस्थेत त्यांनी नऊच्या नऊ मेंढ्या तपासायचं ठरवलं. लोकर बाजूला करायची, काखेतून बाटली काढायची, दोन थेंब टाकायचे, बाटली परत काखेत. “हलका हात,” ते स्वतःशी पुटपुटत होते. “दाबलं की चरबी पातळ दिसते. हलका हात, खटावकर.” पडद्यावर पांढऱ्या रेघा उमटत होत्या, आणि मी, ज्याला आयुष्यात फाइलीशिवाय काही वाचता आलं नाही, तो मी ओरडलो, “बदाम! डॉक्टर, बदाम दिसतोय!”

क्लार्क चिठ्ठी उघडून नंबर पुकारत होता आणि चौकीदार ती मेंढी आणत होता. आठ झाल्या. नववी चिठ्ठी उघडली.

“तीन सौ बारह.”

खटावकरांचा हात हवेतच राहिला. मला नंतर कळलं की चूक त्यांचीच होती. रजिस्टरातले ‘सगळे’ नंबर असं त्यांनी स्वतः लिहून दिलं होतं. त्यातून ३१२ वगळायचा हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण त्याला ते मेंढ्यांमध्ये धरतच नव्हते.

काळा मेंढा आला, खटावकरांना बघून पुढे झाला आणि त्यांच्या कोटाचं बटण चघळू लागला. त्यांनी त्याची लोकर बाजूला केली. तेल टाकलं. बराच वेळ मूठ धरून उभे राहिले. आकडा कागदावर लिहिला, पाकिटात घातला. हाजीजींनी हात ठेवला, आकडा सांगितला, क्लार्कने लिहून घेतला.

पुढचे तीन दिवस मेंढ्या कापून वजनं होत होती आणि निकाल लागत होते. रोज संध्याकाळी सेक्टरातली सगळी मराठी मंडळी आमच्या जिन्यात उभी. खटावकरांची स्कूटर वळणावर दिसली की आम्ही ओरडायचो, “किती?” ते एका हाताने बोटं दाखवायचे. पहिल्या दिवशी दोन यंत्राच्या, एक हाताची. दुसऱ्या दिवशी हाजीजी पुढे. तिसऱ्या दिवशी आठवी झाली, आणि चार-चार! माया म्हणाली, “उद्या मी पण येणार.” तिने गुळाच्या पोळ्यांचा डबा भरला आणि त्या गणपतीनंतर पहिल्यांदाच खटावकरांकडे पाठ करून उभी राहिली.

खटावकर मात्र त्या संध्याकाळी चहा तसाच ठेवून गेले.

चौथ्या दिवशी मी आणि माया पोचलो तेव्हा डायरेक्टरसाहेब स्वतः घड्याळ बघत उभे होते. ३१२ खुंटीला बांधलेला. हाजीजी बाह्या सरसावून तयार. उरला होता तो एकच मेंढा, आणि त्याच्या पोटात, माफ करा, त्याच्या पाठीत, खटावकरांची चार वर्षं होती.

“सर,” खटावकर म्हणाले, “नौवें की जरूरत नहीं. मैं हार गया.”

डायरेक्टरसाहेबांनी घड्याळावरून मान वर केली.

“क्या मतलब? चार-चार है!”

“मेरी रीडिंग गलत है सर. नारियल का तेल जम गया था. बीच में हवा रह गई. जो आँकड़ा मैंने लिखा वो भरोसे का नहीं. तो ये हाजीजी का हुआ.”

तेल जमलं नव्हतं. त्या मेंढ्याच्या पाळीला काखेतली बाटली चांगली तासभर तापलेली होती. पडद्यावर तो बदाम इतका स्वच्छ दिसला होता की मायाने, त्या सकाळी तिथे नसतानाही, ओळखला असता. मी तोंड उघडलं, पण खटावकरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते गुळाच्या पोळीने बंद केलं.

हाजीजी पुढे आले. मेंढ्याच्या कंबरेवर हात ठेवला. मेंढा तिकडे खटावकरांच्या बाहीत तोंड खुपसून उभा. हाजीजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे, आणि हात काढून घेतला.

“साहब,” ते डायरेक्टरना म्हणाले, “उस दिन ठंड में मेरी भी उँगलियाँ सुन्न थीं. इस पर मैंने जो बताया, ग़लत बताया. मैं भी हारा.”

डायरेक्टरसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जिंकायला भांडणारी माणसं त्यांनी खूप पाहिली असतील. हरण्यासाठी हट्ट धरणारी दोन एकदम पहिल्यांदाच. “तो मैं फाइल पे क्या लिखूँ?” ते गरजले.

इथे मात्र माझं नशीब फळफळलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझी विद्या एवढीच. मी पुढे होऊन म्हणालो, “सर, लिखिए, ‘निष्कर्ष अनिर्णित. पुनः परीक्षण किया जाए.’”

तेच लिहिलं गेलं. पुनः परीक्षण अर्थातच कधी झालं नाही. समितीपुढे काम गेलं नाही, रंगीत पडद्याचं यंत्र दुसऱ्या कुठल्या केंद्राला मिळालं. जुनं स्टोअरमध्ये गेलं आणि खटावकर टेबलावर. यंत्रावरची पानिपती घोंगडी मात्र ते घेऊन आले. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा ती काळ्या मेंढ्याच्या अंगावर होती.

परत येताना स्कूटरवर मागून मी विचारलं, “डॉक्टर, वाईट नाही वाटत?”

“वाटतं की,” ते म्हणाले. बदरपूरच्या फाटकावर थांबलो तेव्हा म्हणाले, “पण सावंत, दर रविवारी कोणाशी बोलू?”

सहा वर्षांनी ते रिटायर झाले. साताऱ्याला पुतण्याकडे जाणार होते. निघायच्या आदल्या दिवशी अल्बम आणि निळी वही घेऊन आमच्याकडे आले. “पुतण्याच्या घरी हे कोण बघणार? तुम्हीच ठेवा.” जाताना त्यांनी मायाला नमस्कार केला आणि माझ्या पाठीवर तीन बोटं टेकवली. “चौदा,” ते म्हणाले. “सांभाळा.” त्यांचा हात तिथेच जरा वेळ राहिला.

ते गेल्यावर मी वही उघडली. तीनशेच्या वर ओळी, अंदाज आणि प्रत्यक्ष, आकड्याला आकडा. ३१२ ची ओळ शोधली. तो डॉक्टर रिटायर व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात म्हातारा होऊन गेला होता, हे मला माहीत होतं. फार्मवर मेलेल्या प्रत्येक जनावराचं पोस्टमॉर्टेम करणं नियमात होतं आणि टेबलावर गेल्यावरही तो अधिकार खटावकरांचाच होता. म्हणजे तो रिकामा रकाना भरायची संधी त्यांना शेवटी मिळाली होती. आपला अंदाज खरा होता की नाही, हे त्यांना एका सकाळीत कळलं असतं. ना कोणी हरलं असतं, ना कोणाचा जीव गेला असता.

‘प्रत्यक्ष’ खाली आकडा नव्हता. आयुष्यभर सगळ्यांना “आत बघा” सांगणाऱ्या माणसाने तिथे बारीक अक्षरात मराठीत लिहिलं होतं, “बघितलं नाही.” आणि खाली तारीख घालून सही केली होती, पूर्ण नाव आणि हुद्द्यासकट.